रेंज निर्दोष आहे

कोकणातल्या गावात पाहुणा म्हणून उतरलेला माणूस पहिल्या चहाबरोबर दोन गोष्टी विचारतो : आंघोळीचं पाणी कुठे काढलंय आणि रेंज कुठे येते. पहिल्याचं उत्तर एकच असतं. दुसऱ्याची उत्तरं घरातल्या माणसांइतकी असतात. कुणी म्हणतं सड्यावर जा, कुणी म्हणतं देवळाच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहा पण तोंड खाडीकडे करा, आणि घरातला शाळकरी मुलगा सांगतो की एका कंपनीची रेंज विहिरीच्या काठाला येते, दुसरीची न्हाणीघराच्या पत्र्यावर. मग संध्याकाळी तो पाहुणा सड्यावर चढतो, टाचा उंचावतो आणि मावळत्या सूर्याला अर्घ्य द्यावं तसा फोन वर धरतो. फोनच्या पडद्यावर नेमकं काय लिहून आलंय ते एवढ्या खालून त्याला दिसत नाही. तसं ते वाचायची त्याला गरजही वाटत नाही, कारण निदान आधीच ठरलेलं आहे. पंधरा मिनिटांनी तो खाली येऊन जाहीर करतो, “मेल जात नाहीये. रेंजच नाही.” सगळे माना डोलावतात. रेंजवरचे खटले असे नेहमी एकतर्फीच निघतात, कारण आरोपी हजर नसणं हाच मुळी आरोप असतो. मी या खटल्यात आरोपीचं वकीलपत्र घेतलं आहे. परगावी गेल्यावर मेल अडते ती बहुतेक वेळा रेंजमुळे नव्हे. तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही म्हणून ती अडते. आणि जिथे ओळख पटते तिथे आपण निरोपाबरोबर एवढं सामान देतो की पोस्टमनने अंग चोरलं तर त्याला दोष देता येत नाही.

मेल “जाते” म्हणजे काय होतं, हे आधी जवळून पाहायला हवं. तुमच्या यंत्रातला मेलचा प्रोग्राम एका सर्व्हरचं दार ठोठावतो आणि दोघांत बोलणं होतं. या बोलण्याची रीत जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून ठेवली, आणि थोड्याफार दुरुस्त्यांसह आजही तीच चालते. आलेला म्हणतो “हेलो”. इंग्रजीत तो एकाच एलने लिहायचा, कारण त्या रीतीत सगळ्या आज्ञा चार अक्षरी आहेत आणि पाचवं अक्षर परवडत नाही. यजमान म्हणतो २५०, म्हणजे या, बसा. आलेला सांगतो पत्र कुणाचं आहे. २५०. कुणाला द्यायचंय. २५०. मग तो म्हणतो “डेटा” आणि यजमान म्हणतो ३५४, म्हणजे सांगा, ऐकतोय. सगळं पत्र सांगून झालं की शेवटी एका ओळीवर एकटं एक टिंब येतं, पंगतीत ताकभात आला की जेवण संपलं असं समजतात तसं. त्या टिंबावर यजमान पुन्हा २५० म्हणतो, आणि हे २५० आधीच्यांसारखं नुसत्या शिष्टाचाराचं नसतं. त्या क्षणापासून पत्र त्याच्या पदरात पडलेलं असतं : एक तर ते पुढे पोचवायचं, नाहीतर पोचलं नाही असं पाठवणाऱ्याला कळवायचं. पूर्वी हाउसिंग सोसायट्या सभेच्या नोटिसा यूपीसीने, म्हणजे पत्र टाकल्याचा पोस्टाचा शिक्का घेऊन, पाठवत. त्या शिक्क्यातून पत्र पोस्टात पडलं एवढंच सिद्ध होई, पुढचं देव जाणे. २०११ मध्ये पोस्टाने तो प्रकार बंद केला. हे शेवटचं २५० त्या यूपीसीच्या बरंच वरच्या दर्जाचं आहे. आणि ते देणाऱ्याची चिकाटी पाहा. नियमाची २००८ ची आवृत्ती सांगते की पुढचं दार उघडलं नाही तर निदान अर्धा तास थांबा, पुन्हा जा, आणि चार-पाच दिवस तरी हार मानू नका. पाच दिवसांचा गणपती बसून विसर्जन होईपर्यंत हा गडी तुमचं पत्र घेऊन दारोदार फिरत असतो, आणि तुम्ही ज्या रेंजच्या नावाने बोटं मोडता ती एव्हाना चित्रातही नसते. ही सगळी रीत घडली तेव्हा तारा बेभरवशाच्याच होत्या. खड्ड्यांच्या रस्त्यासाठीच बांधलेल्या बैलगाडीवर खड्ड्यांमुळे अडल्याचा आळ घेणं बरोबर नाही.

तेव्हा प्रवाशाच्या वाट्याला एवढंच काम उरतं : पत्र पहिल्या पोस्टात नेऊन टाकायचं. मेल गाड्यांना आरएमएसचा, म्हणजे रेल्वे टपालाचा, डबा असायचा तेव्हाची गोष्ट आठवा. फलाटावरून धावत जाऊन, लेट फीचं जादा तिकीट चिकटवून, डब्याच्या पेटीत पाकीट टाकलं की माणूस मोकळा. त्या पेटीने कधी कुणाला नाव-गाव विचारलं नाही. ईमेलचं पहिलं पोस्ट मात्र विचारतं, आणि इथे खरा आरोपी सापडतो. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ ला जनतेसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा ईमेलच्या पत्त्यातच गाव असायचं. पुण्याच्या पत्त्यात “जियासपीएन०१” आणि मुंबईच्या पत्त्यात “जियासबीएम०१”. पुणेकर, सातारकर, मालवणकर अशी आडनावं लावणाऱ्या समाजाला त्यात वावगं काही वाटलं नाही. पण आडनाव लावून माणूस गाव सोडू शकतो, ईमेलचं तसं नव्हतं. जगभरच्या इंटरनेट कंपन्यांचे पाठवणीचे सर्व्हर गिऱ्हाइकाला ओळखत ते तो कुठल्या तारेने आला यावरून. कोपऱ्यावरचा वाणी तुम्हाला उधारी देतो ती तुमचं नाव पाहून थोडीच देतो? तुम्ही समोरच्या बिल्डिंगमधून उतरता हे तो रोज पाहत असतो. तेच तुम्ही नागपुरात जाऊन तिथल्या वाण्याकडे वहीवर मांडा म्हणालात तर तो तुमच्याकडे कसा बघेल? हॉटेलच्या तारेने घरच्या सर्व्हरकडे गेलेल्या मेलकडे तो सर्व्हर तसाच बघायचा आणि “रिलेइंग डिनाइड” म्हणून दार लावून घ्यायचा. त्याआधी एक सत्ययुग होऊन गेलं होतं, ज्यात कुठलाही सर्व्हर कुणाचंही पत्र वाटसरूला पाणी पाजावं तसं पुढे नेई. मग जाहिरातवाल्यांनी त्या पाणपोईवर टँकर लावले, आणि एरिक ऑलमन यांच्या सेंडमेल या तेव्हाच्या सर्वांत प्रचलित प्रोग्रामने १९९८ मध्ये परक्यांची पत्रं नेणं मुळातच बंद करून टाकलं. त्याच वर्षी डिसेंबरात प्रवाशांसाठी निराळं दार काढल्याचं जाहीर झालं. क्रमांक ५८७. इथे तारेवरून ओळखायचं नाही, नाव आणि पासवर्ड विचारून आत घ्यायचं. जुनं २५ क्रमांकाचं दार हॉटेलं आणि इंटरनेट कंपन्या बहुधा आपल्या बाजूनेच बंद ठेवतात, कारण कचरा तिथूनच बाहेर पडतो. आता विचार करा : लॅपटॉपमध्ये तीन अंकी ५८७ ऐवजी दोन अंकी २५ राहून गेलं, एवढ्यासाठी किती सभ्य माणसांनी हॉटेलच्या बाल्कनीत उभं राहून भरल्या रेंजला शिव्या दिल्या असतील.

“हे तुमचं पुराण झालं, आता सगळं ब्राउझरात चालतं,” असा आक्षेप येईल. खरं आहे. ४ जुलै १९९६ ला हॉटमेल आलं आणि गावाच्या कटकटीतून माणूस सुटला. ते काढणाऱ्या दोघांपैकी सबीर भाटिया हे लहानपणी पुण्यात बिशप्स शाळेत होते, आणि हे वाक्य वाचल्याशिवाय पुणेकर वाचक पुढे सरकणार नाहीत हे मला माहीत आहे. युक्ती साधी होती : पत्र घरी लिहून पोस्टात न्यायचंच नाही, पोस्टाच्या खिडकीतच बसून लिहायचं. खिडकी जगात कुठूनही उघडते. पण कुठूनही तुम्हाला उघडते ती चोरालाही उघडते, म्हणून खिडकीवर रखवालदार बसला, आणि रखवालदाराची ओळखायची पद्धत फिरून वाण्याचीच झाली. रोज पुण्यातून येणारा माणूस आज श्रीनगरातून, अनोळखी यंत्रावरून आला म्हणजे काहीतरी गडबड आहे. चला, तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय, तो सांगा. आता मे महिन्यात काश्मीरला गेलेल्या मराठी सहलीचं चित्र डोळ्यांपुढे आणा. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम तिथे चालत नाहीत, फक्त पोस्टपेड चालतात. हा तिथला वर्षानुवर्षांचा नियम आहे. त्यामुळे बसमधल्या चाळीस फोनांपैकी बरेचसे जम्मू-काश्मीरची हद्द ओलांडताच घड्याळ आणि कॅमेरा एवढ्यापुरतेच उरतात. दल सरोवरातल्या हाउसबोटीवर वायफाय असतं, आणि चांगलं असतं. पंख्याच्या आकाराचं ते चिन्ह काठोकाठ भरलेलं आहे, यूट्यूबवर कांद्याच्या थालीपिठाची कृती न अडखळता दिसते आहे, आणि खातं मात्र उघडत नाही, कारण ओटीपी ज्या सिमवर येणार ते सिम कोमात आहे. फोनमधलं आधीच उघडलेलं खातं बहुधा चालत राहतं हे मान्य. पण अहवाल असतो लॅपटॉपवर आणि कचेरीच्या खात्याला ठराविक दिवसांनी पुन्हा ओळख लागते, ती नेमकी शिकाऱ्यात बसल्यावर. माझ्या अशिलाच्या निर्दोषत्वाचा याहून चांगला पुरावा मला कोर्टापुढे ठेवता येणार नाही : इंटरनेट हजर, रेंजचा प्रश्नच नाही, आणि तरी मेल जागची हलत नाही. अमेरिकेत मुलीकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आईवडिलांची तऱ्हा आणखी वेगळी. भारतातलं सिम पासपोर्टच्या पाकिटात झोपलेलं. ९० दिवस न वापरलेला प्रीपेड नंबर कंपनीला बंद करता येतो, खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर तो वाचतो. सहा महिने म्हणजे १८० दिवस. विमानाच्या तिकिटाला लाखावर रुपये मोजलेले असतात, आणि ओळख जाते ती वीस रुपयांपायी.

कुणी म्हणेल, मग काय रखवालदार काढून टाकायचा? अजिबात नाही. तो नसता तर आपणच पहिली बोंब ठोकली असती. तक्रार एवढीच आहे की घरी असताना त्याला घरातली दुसरी खूण सांगून ठेवायला आपण विसरतो. गूगल तर आठ अंकी दहा कोड एकदम देतं, कागदावर उतरवून पाकिटात ठेवण्यासाठी. प्रवासाला निघताना मेथीचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, पोटदुखीसाठी ओवा आणि न लागलेली छत्री एवढं बरोबर घेणाऱ्या समाजाला एक कागद जड का व्हावा? दुसरा उपाय म्हणजे फोनातच कोड तयार करणारं ॲप. त्याला रेंज लागत नाही, सिम लागत नाही, दर ३० सेकंदांना नवा आकडा ते घड्याळावरून काढतं. आणि इथेही माणूस कसा फसतो पाहा. परदेशात उतरल्यावर काही जण टाइम झोन न बदलता घड्याळच हाताने मागे करतात, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे फिरवावे तसे. भिंतीवरचं घड्याळ काही बोलत नाही. फोनातला कोड मात्र खोटा ठरतो, आणि या फिरवाफिरवीत तारीखही बरीच चुकली तर ती सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राशी जुळेनाशी होते आणि ब्राउझर दिसेल त्या साइटवर संशय घेऊ लागतो. मग लंडनच्या हॉटेलात बसलेला गृहस्थ म्हणतो, काय भिकार रेंज आहे इथली.

ओळखीच्या या नाटकाचा सगळ्यांत मजेशीर अंक सार्वजनिक वायफायचा. स्टेशनवर किंवा विमानतळावर फुकट वायफाय घ्यायचं तर ते मोबाइल नंबर मागतं आणि त्यावर ओटीपी पाठवतं. म्हणजे ज्याच्या मोबाइलला रेंज नाही म्हणून तो वायफाय शोधतोय, त्याने आधी मोबाइलला रेंज आहे हे सिद्ध करायचं. पोहता येतं असा दाखला आणा, मग बुडत्याला दोर मिळेल. न्यू जर्सीहून आलेला भाचा मुंबई विमानतळावर उतरतो तेव्हा त्याच्या परदेशी नंबरावर तो ओटीपी येईलच असं नाही, आणि मग तो पासपोर्ट पुढे करून कोड देणारं यंत्र शोधत फिरतो. हॉटेलांत तर जोडणी “झाली” असं दिसतं, पण त्यामागे एक लॉगिनचं पान दबा धरून बसलेलं असतं, जे तुम्ही ब्राउझर उघडेपर्यंत तोंड दाखवत नाही. मेलचं ॲप बिचारं त्या बंद फाटकावर मुकाट उभं राहतं. सायबर कॅफेत तरी काय वेगळं होतं? २०११ च्या नियमांनी ओळखपत्र पाहणं आणि गिऱ्हाइकाची नोंद वर्षभर जपणं बंधनकारक केलं. नियमांआधीही तिथल्या वहीत नाव, वेळ आणि सही लागायचीच, आणि बहुतेकांच्या सह्या इतक्या घाईच्या असत की त्यावरून त्यांना त्यांच्या आईनेही ओळखलं नसतं.

आता सरकारी पक्षाचा सगळ्यांत जोरदार साक्षीदार. कोकण रेल्वे. रत्नागिरीजवळचा कारबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे, आणि त्या मार्गावर लहानमोठे मिळून नव्वदाहून अधिक बोगदे आहेत. बोगद्यात रेंज जाते हे मी नाकारत नाही, वकिलाने नाकारायलाही मर्यादा असते. पण चार ओळींची मेल दोन बोगद्यांमधल्या उजेडात आरामात निसटते. अडतं ते सोबतचं गाठोडं. ईमेल मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी घडली, चित्रं आणि पीडीएफ तिला थेट गिळता येत नाहीत. म्हणून प्रत्येक फाइल अक्षरांच्या वेषात घालावी लागते : तीन बाइटांच्या जागी चार अक्षरं. लोणच्याची बरणी आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग वर्तमानपत्रात, मग जुन्या टॉवेलात गुंडाळली की बॅगेत तिची जागा वाढते, तसं हे वजन एक तृतीयांशाने फुगतं. जीमेलची मर्यादा २५ एमबी म्हणून २४ एमबीचा अहवाल जोडणारा माणूस खरं तर ३२ एमबी पाठवू पाहत असतो. त्यात मेलच्या मूळ रीतीमध्ये अर्धवट राहिलेलं पुढून सुरू करायची सोय नाही. ते शेवटचं एकटं टिंब येईपर्यंत काहीच पोचलेलं नसतं. तीन चतुर्थांश पत्र गेलं आणि बोगदा आला की पुन्हा पहिल्यापासून, “हेलो” धरून. चिपळूणपासून कणकवलीपर्यंत हे चालू राहतं. १९९५ मध्ये यावर तोडगा सुचवला गेला होता, तुटलेल्या जागेपासून पुढे चालू ठेवण्याचा, पण तो फारसा कुणी अंगी लावून घेतला नाही. तेव्हा बोगद्याला मी अर्धा दोष देतो. उरलेला अर्धा त्याचा, ज्याने सोसायटीच्या गळतीचे फोटो मूळ आकारात, एकाच मेलमध्ये, शिवाय पहिला चुकून दोनदा, असे जोडले. फाइल आधी कुठेतरी वर चढवून मेलमध्ये नुसता दुवा द्यायचा हा उपाय सगळ्यांना माहीत असतो. पण दुवा उघडायला समोरच्याकडून परवानगीची विनंती येते आणि ती मंजूर करायला पुन्हा रेंज हवी असते, हे प्रवासात निघाल्यावर कळतं.

“एवढा उपद्व्याप कशाला, व्हॉट्सअॅप आहे की,” हा आक्षेप घेणाऱ्याच्या आवाजात नेहमी एक विजयी सूर असतो. व्हॉट्सअॅपचं मोठेपण मी मान्य करतो : एक टिक, दोन टिक, निळ्या टिक. माणसाला यापेक्षा जास्त काय हवं असतं? पण व्हिसाच्या कचेरीला, विद्यापीठाला, टेंडर मागवणाऱ्याला आणि विम्याचा दावा नाकारायला टपलेल्या माणसाला टिक चालत नाहीत. आणि व्हॉट्सअॅप तर नंबरावरच उभं आहे. ज्या सिमच्या झोपेने ईमेल अडली, ते सिम नव्या फोनात घालून व्हॉट्सअॅप सुरू करायला गेलात तर तेही त्याच सहा आकड्यांची वाट बघत बसेल. वर ईमेलमध्ये एक बेफिकीर औदार्य आहे ते वेगळंच. कुणीही कुणालाही, कुठल्याही कंपनीच्या खात्यातून कुठल्याही कंपनीच्या खात्यात पत्र टाकू शकतं. व्हॉट्सअॅपवाल्याने व्हॉट्सअॅप नसलेल्याला निरोप पाठवून दाखवावा.

माणसाचा स्वतःचा वाटा किती, हेही एकदा तपासायला हवं, कारण तो या खटल्यात फिर्यादी म्हणून फिरतो आहे. मराठीत “पाठवली” हे क्रियापद बटण दाबल्याबरोबर वापरलं जातं. मेल आउटबॉक्सात असते, सेंटमध्ये नसते, आणि या दोन पेट्यांत तेवढाच फरक आहे जेवढा पाकीट कोटाच्या खिशात असण्यात आणि पोस्टाच्या पेटीत असण्यात. बॅटरी वाचवण्याच्या सोयीने ॲपला झोपवलेलं असतं, ॲप जागं होईल तेव्हा मेल निघेल, आणि पाठवणारा तोवर “मी तर कालच पाठवली” असं शपथेवर सांगून बसलेला असतो. याची उलटी बाजूही आहे. शेवटच्या टिंबानंतरचं २५० तारेतच हरवलं तर पाठवणाऱ्या यंत्राला पत्र पोचल्याचं कळत नाही आणि ते इमानाने पुन्हा पाठवतं, मग साहेबांना रजेचा अर्ज दोनदा मिळतो आणि दुप्पट रजा मागितल्यासारखं दिसतं. निघण्याआधी लिहून वेळ लावून ठेवायची सोय जीमेलने २०१९ मध्ये दिली. ती खरी सोय, कारण पत्र घरीच पोस्टात पडलेलं असतं आणि वेळ झाली की पोस्टच ते पुढे ढकलतं. कचेरीत सोमवारी सकाळी नऊला अहवाल पोचतो तेव्हा पाठवणारा तारकर्लीला पाण्यात असतो. पण लॅपटॉपवरच्या जुन्या आउटलुकमध्येही वरवर अशीच दिसणारी सोय आहे, आणि साध्या खात्यांच्या बाबतीत ती चालायला तो प्रोग्राम उघडा राहावा लागतो. लॅपटॉप मिटून कपाटात ठेवून गेलेल्यांची मेल त्या अंधारात आपल्या वेळेची वाट पाहत बसते. इथे रेंज कशी काय जबाबदार ते फिर्यादीने सांगावं.

आणि ज्यांना मेल पाठवायचीच नसते त्यांचीही सोय कधीच झालेली आहे. परक्यांच्या पत्रांना दार लावणारं सेंडमेल ज्यांचं, त्याच ऑलमन यांनी १९८३ मध्ये “व्हेकेशन” नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. मालक गावाला गेले आहेत असं तो येणाऱ्या प्रत्येकाला परस्पर कळवतो, आणि एकाच माणसाला आठवड्यातून एकदाच, कारण गावी गेलेल्या दोघांचे असे प्रोग्राम एकमेकांना उत्तरं देत बसले तर प्रलयापर्यंत थांबणार नाहीत. पत्र पोचवणं आणि पत्र टाळणं या दोन्ही सेवा एकाच कारखान्यातून निघाल्या, हा योगायोग मला फार समाधानाचा वाटतो. आजच्या कचेऱ्यांत त्याचे वंशज “मेल पाहण्याची सोय मर्यादित आहे” असं लिहितात. हे वाक्य बहुतेक वेळा अशा हॉटेलातून सुटलेलं असतं जिथे पोहण्याच्या तलावाकाठीही वायफाय आहे, आणि त्यातसुद्धा अप्रत्यक्षपणे माझ्या अशिलाचीच बदनामी आहे.

शेवटी कायद्याचं पुस्तक उघडतो, कारण त्यावाचून वकिलाचं भाषण पुरं होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम १३. त्यात म्हटलं आहे की पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणकात शिरलं, की इलेक्ट्रॉनिक पत्र रवाना झालं असं समजावं. दोन्ही पक्षांनी वेगळं काही ठरवलं नसेल तर हाच नियम. म्हणजे पहिल्या पोस्टाचं महत्त्व संसदेलाही पटलेलं आहे, आणि आउटबॉक्सातल्या पत्राच्या जोरावर “कालच पाठवली” म्हणणाऱ्याला कायद्याचा आधार नाही. पण त्याच कलमात पुढे एक गंमत आहे, जी प्रवाशांनी मुद्दाम वाचावी. पत्र कुठून निघालं असं समजायचं? तर पाठवणाऱ्याच्या धंद्याच्या ठिकाणाहून, आणि तसं ठिकाण नसेल तर त्याच्या नेहमीच्या राहत्या घरून. संगणक, फोन किंवा तो गृहस्थ स्वतः प्रत्यक्ष कुठे होता याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. तेव्हा सड्यावर टाचा उंचावून, तिन्हीसांजेला डास मारत, एका रेघेच्या रेंजवर त्या पाहुण्याची मेल जेव्हा अखेर निघते, तेव्हा कायद्याच्या लेखी ती सदाशिव पेठेतल्या त्याच्या कचेरीतून, खुर्चीवर बसून पाठवलेली असते. त्याला हे आत्ताच कुणी सांगू नये. त्याचा हात अजून वरच आहे.